गाडीला बाकी काही काम केलंय का?

मी माझी पहिली गाडी विकली तेव्हा घेणाऱ्या सरांनी चार प्रश्न विचारले. कुठे ठोकलीय का? टायर कधी बदलले? ॲव्हरेज किती देते? या तिन्हींची उत्तरं मी गरजेपेक्षा जास्त खरी दिली. मागच्या डाव्या दारावर कुरकुंभ मोरीत एक टेम्पो घासून गेला होता, तो ओरखडा रंगवून घेतल्यावर दिसतही नव्हता, तरी मी बोट ठेवून दाखवला. चौथा प्रश्न त्यांनी चावी हातात घेतल्यावर, निघता निघता विचारला. "बाकी काही काम केलंय का गाडीला?"

मी म्हणालो, "नाही सर. सर्व्हिसिंग तेवढं वेळेवर."

सर केडगावच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्यांचीही ती पहिलीच गाडी. दिवाळी नुकतीच झाली होती, वर्ष २०२४. त्यांनी बोनेटला हार घातला, त्यांच्या मुलीने माझ्या आईच्या पाया पडल्या आणि गाडी आमच्या गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली. तिच्यात मी एक काम केलेलं होतं. त्याचा एकही नट, एकही वायर, एकही ओरखडा सापडला नसता.

२०२१ मध्ये, पुण्यातल्या एका ट्यूनिंगवाल्याकडे १८ हजार रुपये देऊन मी इंजिनचा मॅप बदलून घेतला होता. मॅप म्हणजे खरोखर तक्तेच असतात. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे ईसीयूमध्ये, एक्सेलच्या शीटसारखे रकाने: आडवे इंजिनचे फेरे, उभा लोड, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. इतके फेरे आणि इतका लोड असेल तर ठिणगी किती अंश आधी टाकायची, पेट्रोल किती सोडायचं, तुम्ही ॲक्सिलरेटर अमुक इतका दाबला तर थ्रॉटल किती उघडायचा. माझ्यासारख्या दिवसभर कॉन्फिग फाइल्समध्ये बोटं घालणाऱ्या माणसाला हे कळल्यावर झोप लागणं अवघड होतं. म्हणजे माझ्या गाडीचा स्वभाव एका फाइलमध्ये आहे, आणि ती फाइल बदलता येते!

निमित्तही होतं. पाटसहून बारामतीकडे जाताना रोटी घाट लागतो. सह्याद्रीतल्या घाटांसमोर तो काहीच नाही. पण चार माणसं, एसी चालू, मे महिना आणि पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असला की माझी १.२ लिटरची पेट्रोल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हुंदके द्यायची. मागून डिझेलवाले हॉर्न देत निघून जायचे. मित्र म्हणायचे, "पिकअप नाय रे तुझ्या गाडीला." पंचविशीत हे वाक्य गाडीबद्दल आहे असं वाटत नाही.

आता हिशोब. गाडी ऑन रोड सहा लाख वीस हजारांची, ८३ हॉर्सपॉवरची. म्हणजे एका हॉर्सपॉवरला सुमारे ७,४७० रुपये. ट्यूनिंगवाल्याने मला ६ वाढवून देतो म्हणून सांगितलं, १८ हजारांत. म्हणजे एक हॉर्सपॉवर तीन हजाराला, निम्म्याहून स्वस्त. हा हिशोब मी खरोखर केला होता आणि त्यावर खूश झालो होतो. जो हिशोब केला नव्हता तो असा: रिकामी गाडी ८८० किलोची. प्रत्येकी ७० किलोची चार माणसं बसली की ११६० किलो. सहा हॉर्सपॉवर वाढवून वजनामागे जी ताकद वाढते, ती साधारण सात टक्के. एका मित्राला चौफुल्यावर उतरवलं तर सहा टक्क्यांच्या वर वाढते. चहाचे पैसे दिले असते तर तो उतरलाही असता.

इतकी कमी वाढ का, याचं कारण साधं आहे. इंजिन म्हणजे हवेचा पंप. पेट्रोल जास्त ओतणं सोपं आहे, पण ते जाळायला हवा लागते, आणि टर्बो नसलेल्या इंजिनात बाहेरच्या वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आत शिरेल तेवढीच मिळते. फाइलमध्ये कितीही आकडे बदला, सिलिंडर मोठा होत नाही. ठिणगी थोडी आधी टाकता येते, पूर्ण रेस दिल्यावर मिश्रण थोडं वेगळं करता येतं. कंपनीच्या इंजिनिअरांनी हे बहुतेक आधीच पिळून घेतलेलं असतं; उरलेलं त्यांनी मुद्दाम सोडलेलं असतं. त्या मुद्दाम सोडलेल्याकडे मी परत येणार आहे.

टर्बो असेल तर गोष्ट वेगळी, आणि तिचा पुरावा आमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यातच आहे. रांजणगाव म्हटलं की लोकांना महागणपती आठवतो, मला फियाटचा कारखाना. तिथून निघणाऱ्या पुंटोमध्ये १३६८ सीसीचं साधं पेट्रोल इंजिन ९० हॉर्सपॉवर द्यायचं. त्याच १३६८ सीसीला टर्बो लावला की लिनिया टी-जेटमध्ये ११४. पुढे २०१६ मध्ये लिनियाचं एक मॉडेल १२५ चं आलं. आणि त्याआधी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, अबार्थ पुंटो आली, १४५ हॉर्सपॉवरची, किंमत दहा लाखांच्या आत. सीसी तेवढीच, आकडे ९०, ११४, १२५, १४५. डिझेलमध्येही हेच: फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट एवढ्या कंपन्यांच्या एवढ्या गाड्यांत होतं की लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे, आणि ते कुठे ७५ चं होतं, कुठे नव्वदच्या वर. आमच्या कॉलेजात अबार्थ हा धर्म होता. कोणाकडेच ती नव्हती.

ट्यूनिंगवाले हीच उदाहरणं देतात. बघा, कंपनीच एका इंजिनचे चार भाव लावते, तर तुम्ही का नाही? पण अबार्थकडे नीट पाहिलं तर साध्या पुंटोला मागे ड्रम ब्रेक होते, हिला चारही चाकांना डिस्क. गाडी थोडी खाली बसवलेली, सस्पेन्शन कडक, चाकं वेगळी. आणि पुढे नाकावर विंचू. मागून येणाऱ्याला, विकत घेणाऱ्याला, विमावाल्याला, मेकॅनिकला, सगळ्यांना तो विंचू सांगत होता की ही दुसरी गाडी आहे. माझ्या गाडीवर काही नव्हतं. आरसी बुकात ती अजूनही शोरूममधून आलेली तीच होती.

तरी मी खोटं बोलणार नाही: गाडी घेऊन पुण्याहून दौंडला येतानाचा तो पहिला दिवस मी विसरणार नाही. यवतच्या पुढे रस्ता मोकळा झाला आणि पाय नुसता टेकवला तर गाडी उडाली. मी एकटाच हसत होतो. १८ हजारांत एवढा आनंद मला नंतर कशातच मिळालेला नाही, आणि त्यात फोन, बूट, गोव्याच्या दोन ट्रिपा सगळं आलं.

मग माझ्यातला इंजिनिअर जागा झाला, जो आधीच जागा व्हायला हवा होता. ट्यून करायच्या आधी मी ओबीडी डोंगल लावून, तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० ला किती सेकंद लागतात ते सात-आठ वेळा मोजून ठेवलं होतं. सरासरी ९.१. ट्यूननंतर, त्याच रस्त्यावर, तशाच पहाटे: ८.७. आणि माझ्या स्वतःच्या दोन फेऱ्यांमध्येच अर्ध्या सेकंदाचा फरक पडत होता. म्हणजे जी गाडी उडाली होती ती घड्याळाच्या मते जागची हललीच नव्हती म्हणा ना.

उडाली ती माझ्या पायाखाली. आजकालच्या गाडीत ॲक्सिलरेटर आणि थ्रॉटलमध्ये केबल नसते, मध्ये कॉम्प्युटर असतो. पूर्वी मी पेडल पाव भाग दाबलं तर थ्रॉटल जेवढा उघडायचा, त्याच्या जवळजवळ दुप्पट आता उघडत होता. वरची ताकद तेवढीच, फक्त ती आधी हातात यायची. आपल्याकडे पिकअप हा शब्द या दोन्ही गोष्टींना एकच आहे: गाडीत किती दम आहे, आणि ती तुमच्या पायाचं किती लवकर ऐकते. मी पहिलीचे पैसे दिले आणि दुसरी घरी आणली. ॲव्हरेज सतरावरून साडेपंधरावर आलं, कारण जी गाडी लवकर ऐकते तिला माणूस जास्त सांगतो.

फसलो का? मला तसं वाटत नाही. मला जे हवं होतं ते आकडा नव्हतंच बहुतेक. गाडीने माझं ऐकावं एवढंच हवं होतं. आणि भावना खरी असायला तिच्यामागे आकडा लागतोच असं नाही, नाहीतर आपण अत्तरावर कोणी पैसे खर्च केले नसते. १८ हजार रुपये त्या हसण्याचे दिले असं म्हटलं तर सौदा वाईट नव्हता. इथपर्यंत प्रश्न माझ्या एकट्याचा होता, आणि तो मी माझ्या बाजूने सोडवला होता.

मग आण्णांनी गाडी चालवली.

माझे वडील रेल्वेत होते. दौंडमध्ये हे सांगणं म्हणजे कोकणात आमच्याकडे नारळ आहेत असं सांगणं. ते डिझेल इंजिनावर ड्रायव्हर होते. लोको पायलट हा शब्द त्यांच्या नोकरीच्या शेवटी आला, तो त्यांनी कधी वापरला नाही. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. पाटसपर्यंत गेले, आले, चावी ठेवली आणि म्हणाले, "हिचा नॉच कोणी बदलला?"

डिझेल इंजिनाला ॲक्सिलरेटर नसतो, हँडल असतं, त्याला आठ घरं, त्यांना नॉच म्हणतात. तिसऱ्या नॉचला इंजिन किती देणार हे ठरलेलं. आण्णांच्या पायाला माझ्या गाडीचं ठरलेलं माहीत होतं आणि ते मोडलेलं त्यांना पाच मिनिटांत कळलं. दम वाढलाय असं ते एकदाही म्हणाले नाहीत. मी थोडा खट्टू झालो. मग सगळं सांगितलं.

मला वाटलं ते ओरडतील. ते उलट रंगात आले. म्हणाले, आम्ही काय साधे होतो काय, रेल्वेनेपण हेच केलं. आणि मग त्यांनी मला डब्ल्यूडीएम-२ ची गोष्ट सांगितली. ते इंजिन २६०० हॉर्सपॉवरचं, सोळा सिलिंडरचं, मूळ अमेरिकेतल्या अल्को कंपनीचं डिझाइन. नॉच पटकन वाढवला की काळ्या धुराचा लोट सोडणारं. तुमच्या आईवडिलांच्या लहानपणीच्या प्रवासाच्या आठवणीत जे इंजिन आहे ते बहुतेक हेच. पुढे त्याच सोळा सिलिंडरांतून ३१०० काढले. त्याचं नाव मग डब्ल्यूडीएम-३ए झालं: ३ म्हणजे तीन हजार, ए म्हणजे वरचे शंभर. जुनी कितीतरी इंजिनं पतियाळाच्या कारखान्यात उघडून नवी करून पाठवली, आणि अशा इंजिनाच्या नंबरापुढे आर हे अक्षर लिहिलं. आर म्हणजे रीबिल्ट.

"घोरपडीच्या शेडमधनं गाडी घेतली की आधी नंबर बघायचा," आण्णा म्हणाले. "आर दिसला की कळायचं, हिला उघडलेलीय."

"आणि समजा आर लिहिला नसता तर?"

"मग पुढच्या ड्रायव्हरनं काय समजायचं?"

बस एवढंच. पुढे ते जेवायला बसले आणि विषय मुळ्याच्या कोशिंबिरीवर गेला. मी मात्र तिथेच अडकलो होतो, आणि तरीही तीन वर्षांनी सरांना नाही म्हणालो.

मला माझी बाजूही नीट मांडू द्या, कारण ती कच्ची नाही. गाडी माझी. मी लॅपटॉप घेतला की त्यातली कंपनीची सिस्टिम पुसून लिनक्स टाकतो, कोणी हरकत घेत नाही. गाडीतल्या फाइलला हात लावायचा नाही, हे कोण ठरवणार? आणि ज्या कंपन्या हे ठरवतात त्यांचं चारित्र्य काय आहे? मर्सिडीजने २०२२ मध्ये अमेरिकेत तिच्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठी वर्षाला १,२०० डॉलर भरले तर गाडी जास्त वेगाने उचलेल अशी योजना जाहीर केली. मोटर गाडीत आधीच बसवलेली, पैसे देऊन घेतलेली, कुलूप सॉफ्टवेअरचं. हे जर चालतं, तर ते कुलूप मी स्वतः उघडलं तर मी चोर कसा? हा युक्तिवाद मी ऑफिसच्या कँटीनमध्ये अनेकदा जिंकलो आहे.

कायदा अर्थात माझ्या बाजूने नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं ठरवलं. पण खरं सांगायचं तर या कायद्याने ना मला अडवलं, ना सतावलं. जो बदल दिसत नाही तो पकडणार कोण? पीयूसीवाला नळी घालतो ती उभ्या गाडीला. माझ्या मॅपमधले आकडे बदललेले होते ते पूर्ण रेस दिल्यावरचे. गाडी उभी असताना ती पूर्वीइतकीच सज्जन होती.

इथे मला नको असलेली एक आठवण येते. अबार्थ आली त्याच्या बरोबर एक महिना आधी, सप्टेंबर २०१५ मध्ये, फोक्सवॅगनचं प्रकरण फुटलं. त्यांच्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर ओळखायचं की आपली चाचणी चालली आहे, आणि तेवढ्यापुरतं धूर आवरायचं. रस्त्यावर आलं की मोकळं. जगभरातल्या १ कोटी १० लाख गाड्या. भारतातही आपल्या पुण्याच्या एआरएआयने, वेताळ टेकडीच्या त्या संस्थेने, तपासणी केली आणि कंपनीला सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलवाव्या लागल्या. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो आणि हसलो होतो: च्यायला, काय कोड लिहिलंय! ज्याने ते लिहिलं तोही आमच्यासारखाच कोणी असणार, डेडलाइनवाला. माझा बदल त्याच्यासारखा नाही, मी चाचणी ओळखणारा कोड टाकला नव्हता. पण चाचणीला एक गाडी दिसावी आणि रस्त्यावर दुसरी असावी, एवढं साम्य मला नाकारता येत नाही.

आता त्या मुद्दाम सोडलेल्याबद्दल. कंपनी इंजिनात जी राखीव जागा ठेवते ती माझीच आहे, मी पैसे देऊन घेतली आहे, असं मला वाटायचं. पण ती फाइल एकट्या माझ्यासाठी लिहिलेली नसते. तिच्यात मे महिन्यात सोलापूर रोडवर पंचेचाळीस अंशांत एसी लावून जाणारा माणूस असतो. भेसळीचं पेट्रोल भरून निघालेला असतो. सर्व्हिसिंग चुकवणारा असतो, गाडी शिकणारी बाई असते, दहा वर्षांनी तिसऱ्या हाताने घेणारा पोरगा असतो. आणि गाडीत न बसलेलेही: एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो तो पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग असतील तेव्हा; पूर्ण रेसला ताकदीसाठी मिश्रण तेराच्या आसपास घट्ट केलं की मागच्या मोटरसायकलवाल्याच्या नाकात कार्बन मोनॉक्साइड जास्त जातो. कंपनीही थोडा वेळ तसं करते. मी तो वेळ वाढवला.

सगळ्यात गमतीचं उदाहरण पेट्रोलचंच आहे. २०२१ मध्ये माझ्या ट्यूनिंगवाल्याने मॅप बसवला तो त्या वेळच्या पेट्रोलवर. २०२५ येईपर्यंत पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. ते इथेनॉल कुठून येतं? आमच्याच भीमेच्या पाण्यावरच्या उसातून, माझ्या मामाच्या शेतातल्यासुद्धा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावं लागतं. कॉम्प्युटर सेन्सरवरून शिकत शिकत ते जुळवून घेतो, पण एका मर्यादेपर्यंत. (इथेनॉलमुळे इंजिन ठोकत नाही हा फायदाही आहे, तो लपवत नाही.) मुद्दा हा की मूळ फाइल लिहिणाऱ्यालाही हे पेट्रोल माहीत नव्हतं. त्याने जागा सोडली होती ती अशाच न दिसणाऱ्या गोष्टीसाठी. मी ती जागा चार दशांश सेकंदांना विकली, आणि मग गाडी सरांना.

आमच्या भागात दर आषाढी वारीला तुकोबांची पालखी त्याच रोटी घाटाने जाते. चढाला रथाला जादा बैलजोड्या जोडतात. गावोगावचे लोक आपली बैलं घेऊन उभे असतात, मान असतो तो. लहानपणी मी आण्णांच्या खांद्यावरून पाहिलंय. नेहमीच्या जोडीला जोरात हाणून रथ वर नेता आला असता कदाचित. तसं कोणी करत नाही. मी माझ्या गाडीचं काय केलं याचा विचार करताना मला ती बैलं का आठवतात हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुला मुळात चौघांना घेऊन एसी लावून जायला सांगितलं कोणी?"

सरांचा फोन मार्चमध्ये आला. तक्रार नव्हती. सर तक्रार करणारे नाहीतच. म्हणाले, "गाडी एक नंबर आहे. फक्त एक विचारायचं होतं. मिसेस शिकतेय. पाय ठेवला की गाडी जरा चटकन उचलते का हो ही? परवा कंपाउंडच्या भिंतीला लागली. काही नाही, बंपरच चेपलाय. या मॉडेलला असंच असतं का?"

आता हे माझ्यामुळे झालं असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. नवीन शिकणाऱ्यांच्या गाड्या भिंतीला लागतात, त्यासाठी मॅप बदलावा लागत नाही. ऑफिसमध्ये अशा वेळी आम्ही लॉग बघतो: काय बदललं, कोणी बदललं, कधी. एकाने रात्री दोन वाजता प्रॉडक्शनवर जाऊन एक आकडा बदलावा आणि कुठेच नोंद करू नये, मग सहा महिन्यांनी दुसऱ्या टीमच्या माणसाने त्याची तीन रात्री झोप घालवावी, हे मी भोगलेलं आहे. तेव्हा मी त्या अज्ञात माणसाला काय काय शिव्या दिल्या ते लिहिण्यासारखं नाही. आणि आता एक बाई केडगावजवळ एका अंगणात बसून स्वतःच्या पायाला दोष देत होत्या, आणि नोंद फक्त माझ्या डोक्यात होती.

मी म्हणालो, "सवय होईल सर."

हे दुसरं खोटं. पहिल्याला निदान घाई होती.

ट्यूनिंग करावं की नाही असं मला मित्र अजून विचारतात, विशेषतः ज्यांनी नुकतीच छोटी पेट्रोल गाडी घेतली आहे ते. मी आता त्यांना सेकंद आणि टक्के सांगत नाही. ते त्यांना दोन व्हिडिओंत मिळतात. मी विचारतो, गाडी विकताना सांगशील का? विम्यावाल्याला आज सांगशील का? बायकोला चालवायला देताना सांगशील का? बहुतेक जण इथे हसतात. एक जण मात्र म्हणाला, हो, मी मागच्या काचेवर स्टिकरच लावणार आहे. त्याला मी म्हटलं, मग कर बाबा, तुझं तू बघ. टर्बोवाली असती तर मीही कदाचित पुन्हा केलं असतं, ब्रेक आधी बदलून, कागद करता आला तर कागद करून. मला ती गाडी उडाल्याचा दिवस अजून आवडतो. पण ज्या गोष्टीचं सुख कोणाला न सांगण्यावर टिकून आहे ती महाग पडते, आणि बिल येतं ते बऱ्याचदा दुसऱ्याच्या पत्त्यावर.

गेल्या रविवारी मी सरांना फोन केला. आण्णा शेजारी पेपर वाचत होते, म्हणजे पेपर धरून ऐकत होते. मी सगळं सांगितलं: २०२१, पुणे, फाइल, पेडल, तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो, बंपरचा खर्च माझा. म्हटलं, मूळ फाइल माझ्याकडे जपून ठेवलेली आहे. तुम्ही म्हणाल त्या दिवशी गाडी घेऊन जातो, पूर्वीसारखी करून आणतो, तुम्हाला एक रुपया लागणार नाही.

पलीकडे बराच वेळ शांतता. मी शिव्यांची तयारी ठेवली होती.

"म्हणजे पिकअप कमी होणार का मग?" सरांनी विचारलं.

"पायाला तसं वाटेल, सर. खरं म्हणजे फार फरक नाही."

"हं." पुन्हा शांतता. "कारण मला ती आवडते हो तशी. रोटीचा घाट कशी चढते." मग आवाज थोडा खाली आणून म्हणाले, "पण चालवायची तिला पण आहे. थांबा, तिला सगळं सांगतो, आणि मग फोन करतो तुम्हाला."

आण्णांनी पेपरचं पान उलटलं. फोन अजून आलेला नाही.